सिडनीची परसबाग: नोव्हेंबर ते एप्रिल, कोळ्यांचा हंगाम

हा सल्ला सेंट्रल कोस्टपासून वोलोंगाँगपर्यंत घरामागे भाजीपाला करणाऱ्यांसाठी. इथला उन्हाळा म्हणजे भेंडी, दोडका, कारल्याचा हंगाम, आणि याच दिवसांत फनेल-वेब कोळ्याचे नर बिळाबाहेर पडतात. मादी जवळजवळ सगळं आयुष्य बिळात काढते. वयात आलेला नर मात्र रात्री मादीच्या शोधात हिंडतो, पाऊस पडून गेल्यावर तर जास्तच. विषही नराचंच जास्त जहाल. बागेतल्या बहुतेक कोळ्यांची नावं नाही ओळखता आली तरी चालेल, पण याच्या सवयी माहीत हव्यात.

हॉर्न्सबी, नॉर्थ शोअर, सदरलँड, ब्लू माउंटन्स, जिथे झाडी, ओल आणि दगड आहेत तिथे हा असायचाच. अंग काळं, चकचकीत, गुळगुळीत. बीळ दगडाखाली, ओंडक्याखाली किंवा बांधाच्या दगडांच्या फटीत असतं. तोंडाशी पांढरं रेशमी अस्तर आणि तिथून चारी बाजूंना जमिनीवर ताणलेले धागे दिसले तर तिथे हात घालू नये, काडीही खुपसू नये. २०२५ मध्ये संशोधकांनी याच्या तीन वेगळ्या जाती मांडल्या, त्यांतली न्यूकॅसलकडची सर्वांत मोठी. आपल्या दृष्टीने फरक शून्य, प्रतिविष तिन्हींना तेच.

आता सर्वांत महत्त्वाचं. चपला-बूट दाराबाहेर काढायची आपली रीत. ती मोडायला कोणी सांगत नाही, पण रात्रभर हिंडलेला नर उजाडताना अंधारी, गार जागा शोधतो आणि बागेतला ओलसर गमबूट त्याला आयताच सापडतो. बूट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावेत. गुळगुळीत प्लॅस्टिकवर फनेल-वेबला चढता येत नाही. डबा नसेल तर बूट उलटा करून टाच फरशीवर आपटावी, आत डोकावून बघावं, मगच पाय घालावा. हातमोज्यांचंही तसंच: प्रत्येक बोट बाहेरून दाबून बघावं. मुलांचे शाळेचे बूट, जमिनीवर पडलेला टॉवेल, वाळत घातलेल्यातून खाली पडलेला कपडा, सगळं झटकल्याशिवाय उचलू नये. स्विमिंग पूल असेल तर तळाशी निपचित पडलेला कोळी मेला असं धरून चालू नका. तो पाण्याखाली कित्येक तास जिवंत राहतो. जाळीनेच काढावा.

दुसरा जपून राहण्याजोगा विषारी कोळी म्हणजे रेडबॅक. याला ओल नको, कोरडा आडोसा हवा: रिकाम्या कुंडीची आतली कड, शेडमधला कोपरा, लेटरबॉक्स, अंगणातल्या खुर्चीची खालची बाजू, महिनाभर न वापरलेलं सायकलचं हेल्मेट. चावते ती मादी. वाटाण्याएवढं काळं पोट, पाठीवर लाल पट्टा. जाळं विस्कटलेलं, त्यातून खाली जमिनीपर्यंत चिकट धागे सोडलेले आणि त्यात अडकलेल्या मुंग्या. हिवाळाभर शेडमध्ये रचून ठेवलेल्या कुंड्या बाहेर काढताना कडेला बोटं घालून उचलायची सवय सोडा. हातमोजे घालून कुंडी आधी आडवी करा, लांब दांड्याच्या झाडूने आतून साफ करा. मटकीएवढ्या नव्हे, चांगल्या वाटाण्याएवढ्या गोल, फिकट पिवळसर पिशव्या दिसल्या तर ती अंडी, चिरडून टाकावीत.

प्रथमोपचार दोघांचे वेगळे आहेत आणि इथेच गोंधळ होतो. फनेल-वेब (किंवा कुठलाही मोठा काळा कोळी) चावला तर रुंद क्रेप बँडेज बोटांपासून वर, सबंध हाताला किंवा पायाला, मुरगळल्यावर बांधतो तितकं घट्ट बांधावं, काठी बांधून तो हलणार नाही असं करावं, माणसाला चालवू नये आणि ००० या आणीबाणीच्या नंबरला फोन करावा. ओठांभोवती मुंग्या, जीभ थरथरणं, घाम, लाळ ही लक्षणं दिसायची वाट पाहू नये. रेडबॅक चावला तर बँडेज बांधायचं नाही. बांधल्याने दुखणं वाढतं. बर्फाचा शेक द्यावा, १३ ११ २६ या विषबाधा माहिती केंद्राला विचारावं, दुखणं चढत गेलं किंवा लहान मूल असेल तर दवाखाना गाठावा. चिरा देणं, चोखणं, हळद-चुना हे दोन्हींत नको. फनेल-वेबचं प्रतिविष १९८१ मध्ये संशोधक स्ट्रुअन सदरलँड यांच्या प्रयत्नांतून आलं. त्याआधी १३ मृत्यूंची नोंद आहे, त्यानंतर एकही नाही. कुत्र्या-मांजरांना हे विष फारसं बाधत नाही, त्यामुळे कुत्रा ठणठणीत दिसतो म्हणून आपण निर्धास्त राहू नये.

आता फवारणी. हंगाम सुरू होताच घरभर, बागभर कोळ्यांसाठी फवारून द्यायच्या जाहिराती येतात. माझं मत स्पष्ट आहे: भाजीच्या वाफ्यात हा खर्च करू नका. हिंडता नर वाळलेल्या औषधावरून चालत निघून जाऊ शकतो, आणि मरतात ते आपल्या कामाचे. रात्री टॉर्च कपाळाजवळ धरून वाफ्यावर उजेड टाका, मातीत हिरवट ठिपके चमकतील. ते वुल्फ स्पायडरचे डोळे, अळ्या-किडे टिपत फिरणारे. पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक मारलं की हे जातात, मित्रकीटक जातात, आणि कोरड्या उन्हात घेवड्यावर लाल कोळी ही कीड उसळते. मग तिच्यासाठी आणखी एक औषध.

मांडवावर संध्याकाळी गोल जाळं विणणारा ऑर्ब-वीव्हर टोमॅटोत अंडी घालायला येणारे पतंग पकडतो. बहुधा पहाटे तो जाळं गुंडाळून घेतो. कचऱ्याचा डबा रात्री रस्त्यावर नेताना एक काठी तोंडापुढे धरली की जाळं चेहऱ्यावर यायचं नाही. भिंतीवरचा तळहाताएवढा हंट्समन झुरळं खातो. त्याच्यावर बरणी ठेवा, खालून कार्ड सरकवा, बाहेर सोडा. तो गाडीत सन-व्हायझरमागून निघाला तर आधी गाडी कडेला घ्या. धोका कोळ्याचा नाही, दचकण्याचा आहे. व्हाइट-टेल कोळी चावल्यावर मांस सडतं ही गोष्ट इथे सगळ्यांनी ऐकलेली असते. खात्रीने त्याच्याच असलेल्या १३० चाव्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अशी एकही जखम आढळली नाही.

आच्छादन घराच्या भिंतीला टेकवू नये, मध्ये हातभर जागा मोकळी ठेवावी. दाराखालच्या फटीला ब्रशची पट्टी लावावी. कंपोस्ट हाताने नाही, खोऱ्याने उलटावं.

फनेल-वेब सापडलाच आणि मोठ्या माणसाची हिंमत असेल तर मारू नका. रुंद तोंडाची बरणी आडवी धरून लांब पट्टीने आत ढकला, ओल्या कापसाचा बोळा टाका, झाकणाला बारीक भोकं पाडा, सावलीत ठेवा. सोमर्सबीचं ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क असे कोळी घेतं, त्यांच्या विषावरच प्रतिविष तयार होतं. बरणीवर तारीख आणि उपनगर लिहायचं.