राष्ट्रीय ग्रंथालय परिषदेला निघण्यापूर्वी

भारतीय ग्रंथालय संघाच्या परिषदेचे पत्रक आले की मुंबईतल्या ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप गटांवर पहिली विचारणा होते प्रमाणपत्राची, दुसरी राहण्याच्या सोयीची. दोन्ही रास्त आहेत. बढतीच्या फाइलला प्रमाणपत्र लागतेच, आणि परगावी रात्री उशिरा पोहोचल्यावर खोली शोधत फिरायची कोणाची तयारी नसते. पण यादीत सगळ्यात वर मी लिहीन ते वेगळे: आपल्या ग्रंथालयाचा एक प्रश्न, स्पष्ट शब्दांत, कागदावर. संघ १९३३ साली कलकत्त्यात स्थापन झाला. १९४४ ते १९५३ भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन अध्यक्ष होते आणि त्याच काळात, १९४८ मध्ये, मद्रासचा ग्रंथालय कायदा झाला. आपल्या वाचनालयांना आज जे अनुदान मिळते ते महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यामुळे. असे कायदे व्हायला वर्षानुवर्षे निवेदने लिहिणारी आणि हाताशी आकडे ठेवणारी माणसे लागतात. परिषदेत त्या माणसांच्या जागी आपण बसणार आहोत.

तारखांचे आधी उरकून घ्या. पत्रकातल्या तीन तारखा टेबलावरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा: सारांश पाठवण्याची, पूर्ण निबंधाची आणि सवलतीच्या नोंदणीची. सभासदत्वाचा क्रमांक शोधून ठेवा. वार्षिक सभासद असाल तर वर्गणी चालू आहे का ते पाहा, आणि नोकरीत दहा-पंधरा वर्षे काढायची असतील तर आजीव सभासदत्वाचा विचार करा. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. दिल्लीला राजधानीने संध्याकाळी निघून सकाळी पोहोचता येते. कोलकात्याला मात्र जवळजवळ दीड दिवस धरा आणि तेवढी रजा आधीच मागा.

परवानगीचा अर्ज पत्रकाच्या प्रतीसह, लेखी, आणि आवक क्रमांक घेऊन द्या. महाविद्यालयात ऑन ड्युटी मंजूर होणे तुलनेने सोपे. सार्वजनिक वाचनालयातल्या कर्मचाऱ्यांना कार्यकारिणीपुढे विषय मांडावा लागतो आणि ‘खर्च कोणी करायचा’ तिथेच गाडी अडते. अशा वेळी अर्जात एकच परिच्छेद जादा लिहा: परत आल्यावर वाचनालयासाठी नेमके काय करणार. मला मनापासून वाटते की दर दोन वर्षांनी तरी सहायक ग्रंथपालाला पाठवायला हवे. पुस्तकांच्या देवघेवीच्या खिडकीवर दिवसभर तोच बसतो, वाचकांची नाराजी त्यालाच आधी कळते.

आता आकडे. मागच्या तीन वर्षांची देवघेव काढा आणि ती मराठी, इंग्रजी, हिंदी, गुजराती अशी भाषावार लावा. बालविभाग वेगळा दाखवा. अभ्यासिकेत बसणारी मुले वेगळी मोजा. त्यांतली पुष्कळशी पुस्तक घरी नेतच नाहीत, त्यामुळे देवघेवीच्या नोंदीत ती दिसत नाहीत आणि वाचनालय ‘रिकामे’ वाटते. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहणाऱ्या शहरात, स्पर्धा परीक्षेच्या मुलाला रात्री नऊपर्यंत मिळणारी एक खुर्ची ही ग्रंथालयाची सेवाच आहे, आणि ती आकड्यांत यायला हवी. गहाळ पुस्तके, निर्लेखित म्हणजे नोंदीतून रद्द केलेली पुस्तके आणि पावसाळ्यात बुरशीने किंवा कसरीने गेलेली पुस्तके हे तीन वेगळे रकाने ठेवा. कोरड्या हवेच्या राज्यांतून आलेल्या ग्रंथपालांना मुंबईच्या ओलीची कल्पना नसते. भिंतीला टेकवलेल्या लोखंडी घोड्यावरच्या, म्हणजे पुस्तकांच्या मांडणीवरच्या, मागच्या ओळीचा जुलै संपतानाचा एक फोटो बरोबर असू द्या.

दुसरी तयारी मराठी नोंदींची, आणि मुंबईहून जाणाऱ्याने ही करावीच. आपल्या संगणकीय तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या कॅटलॉगमध्ये, ‘कुसुमाग्रज’ टाकून शोधा, मग ‘शिरवाडकर’ टाकून शोधा. कविता एका नावावर आणि नाटके दुसऱ्या नावावर, अशा दोन याद्यांत एकाच लेखकाची दोन माणसे होत असतील आणि एकीकडून दुसरीकडे जाणारा दुवा नसेल, तर तुमच्याकडे मांडण्यासारखे पहिले उदाहरण तयार आहे. मग ‘वाऱ्यावर’ हा शब्द दोन प्रकारे टाइप करून पाहा: एकदा ‘ऱ’ ची कळ वापरून, एकदा साध्या ‘र’ ला न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर शब्द सारखाच दिसतो, पण संगणकाला ती दोन वेगळी अक्षरे. तेच ‘ॲ’ चे: कोणी ते एका अक्षरात टाइप करतो, कोणी ‘अ’ वर चंद्र देऊन. वाचकाने एका तऱ्हेने शोधले आणि नोंद दुसऱ्या तऱ्हेने केलेली असली की पुस्तक कपाटात असूनही ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळते. शिवाय जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत केलेल्या नोंदी असतील तर त्यांची संख्या काढा. कोहा, सोल, ई-ग्रंथालय, ग्रंथालयाची कोणतीही संगणकप्रणाली असो, पाच शोध आणि त्यांचे पाच स्क्रीनशॉट एवढे पुरते. तमिळ, बंगाली, मल्याळम ग्रंथालयांतल्या मंडळींपुढेही लिपीचे असे प्रश्न असतात. त्यांच्याशी बोलायला याहून चांगला धागा मिळणार नाही.

जमल्यास आणखी एक तपासणी करा. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची असते. त्या तिघांतले एक आपल्या मुंबईतले मध्यवर्ती ग्रंथालय, फोर्टच्या टाऊन हॉलमध्ये. तुमच्या दाखल नोंदवहीतली गेल्या वर्षीची पन्नास मराठी पुस्तके घ्या आणि राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तालिकेत ती सापडतात का पाहा. सापडली नाहीत त्यांच्या प्रकाशकांची नावे लिहा. छोट्या प्रकाशकांना अनेकदा हा नियमच ठाऊक नसतो, आणि त्यांच्याशी रोजचा संबंध आपलाच येतो.

निबंध वाचणार असाल तर साहित्यचोरीची तपासणी महाविद्यालयातच करून घ्या, संदर्भ पत्रकात सांगितलेल्या पद्धतीनेच द्या, आणि सादरीकरण पीडीएफमध्येही ठेवा. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन उमटले की दहा मिनिटांतली तीन तिथेच जातात. पेनड्राइव्हबरोबर एक प्रत स्वतःच्या ई-मेलवर असू द्या. बाकी सामान ज्याने त्याने ठरवावे. ओळखपत्र, नोंदणीची पावती, चार्जर आणि जाड वही विसरू नका.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात मागची व्यवस्था लावा. किल्ल्या कोणाकडे, वर्तमानपत्रे कोण उचलणार, संगणकाचा पासवर्ड कोणाला माहीत, आलेल्या नियतकालिकांची नोंद कोण करणार, हे एका कागदावर लिहून काउंटरच्या आत चिकटवा. परीक्षेचा हंगाम असेल तर अभ्यासिकेची वेळ कमी होणार नाही याची हमी घेऊनच निघा.

तिथे पोहोचल्यावर संघाची सर्वसाधारण सभा चुकवू नका. पुष्कळ जण नेमके त्याच वेळी शहर बघायला जातात, आणि ठराव मूठभर माणसांत होतात. तुमचा प्रश्न ठरावाच्या रूपात मांडायचा असेल तर त्याचा मसुदा मुंबईतच, इंग्रजीत, आठ-दहा ओळींत तयार करा. अनुमोदन देणारा सभासद दुसऱ्या राज्यातला मिळाला तर उत्तम. म्हणून चहाच्या वेळी आपल्याच गावच्या लोकांच्या घोळक्यात उभे राहू नका. ज्यांच्याशी बोललात त्यांचे नाव, ग्रंथालय आणि विषय त्याच दिवशी वहीत उतरवा.

परतल्यावर पहिल्या आठवड्यात दोन पानी अहवाल कार्यकारिणीला किंवा प्राचार्यांना द्या. प्रवासभत्त्यासाठी मूळ तिकिटे, नोंदणीची पावती आणि उपस्थितीचे प्रमाणपत्र लागते. तिघांच्याही झेरॉक्स आधी काढून मगच बिल सादर करा.