आउटबोर्ड इंजिनचा टिल्ट-ट्रिम अडकला? पंप खोलण्याआधी हे तपासा

बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं आउटबोर्ड इंजिन टिल्ट-ट्रिम यंत्रणेने वर-खाली होतं. स्विच दाबूनही ते हलत नाही म्हटलं की बहुतेकांना पहिला संशय हायड्रॉलिक पंपाचा येतो. पण पंप हा या यंत्रणेतला महागडा आणि खोलायला किचकट भाग आहे. त्याला हात लावण्याआधी बिघाड नेमका कशात आहे ते शोधा. हे काम घरच्या हत्यारांनी होतं आणि पुष्कळदा दुरुस्तीही तिथेच संपते.

रचना साधी आहे. विजेची एक छोटी मोटर गिअर पंप फिरवते, पंप टाकीतलं तेल दाबाने रॅममध्ये, म्हणजे दांडा सरकणाऱ्या सिलिंडरमध्ये, ढकलतो आणि रॅम इंजिन उचलतो. मोटर उलटी फिरली की तेल दुसऱ्या बाजूने जातं आणि इंजिन खाली येतं. त्यामुळे दोष शोधण्याच्या जागा तीनच: वीज, तेल, किंवा गंजून धरलेला सांधा.

सुरुवात आधाराने करा. मोठ्या इंजिनचं वजन २०० किलोच्या पुढे जातं. वर अडकलेलं इंजिन दोराने किंवा चेन ब्लॉकने नीट बांधा, शक्य असेल तिथे इंजिन वरच अडकवून ठेवणारी टिल्ट-लॉकची कडी लावा आणि त्याच्या खाली हात किंवा डोकं कधीही घालू नका. इग्निशनची किल्ली काढून ठेवा; स्विचच्या चाचणीला लागली तर तेवढ्यापुरतीच लावा.

आता स्विच दाबा आणि कान द्या. निदानाचा अर्धा भाग या आवाजात आहे. काहीच आवाज नाही, तर बॅटरी, फ्यूज, स्विच किंवा वायरिंग. नुसता 'टक्' आवाज येतो, तर रिले (मोटरचा करंट जोडणारा विजेवर चालणारा स्विच) हलतोय पण मोटरपर्यंत पुरेसा करंट पोहोचत नाही, किंवा मोटरच अडकली आहे. मोटर घरघरते पण इंजिन हलत नाही, तर वीज ठीक आहे. थेट खाली व्हॉल्व्हच्या भागाकडे या.

विजेची बाजू

बॅटरीपासून सुरू करा. पूर्ण चार्ज बॅटरी मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. स्विच दाबलेला असताना आकडा १० च्या खाली घसरला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा मोटर जाम होऊन जास्त करंट ओढते आहे. बॅटरीवर व्होल्टेज टिकतं पण रिलेपाशी पडतं, तर मधलं एखादं टर्मिनल गंजलंय. खाऱ्या पाण्यात हे फार होतं. टर्मिनल घासून, घट्ट करून पुन्हा पाहा.

अनेक इंजिनांच्या काउलिंगवरही (बाहेरच्या झाकणावर) टिल्टचं बटण असतं. त्याने इंजिन हलतं पण कंट्रोल हँडलच्या बटणाने नाही, तर दोष हँडल किंवा तिथून येणाऱ्या वायरमध्ये आहे; पंप आणि मोटर निर्दोष.

वर आणि खाली यांसाठी वेगवेगळे रिले असतील आणि दोन्ही सारखेच असतील, तर त्यांची अदलाबदल करा. आधी 'वर' बंद होतं आणि आता 'खाली' बंद झालं, तर खराब रिले सापडला. तरीही उलगडा झाला नाही तर मोटरच्या दोन जाड वायरी रिलेपासून सोडवून, मध्ये फ्यूज ठेवून, थेट १२ व्होल्ट द्या. वायरी उलटसुलट केल्या की मोटर दोन्ही दिशांना फिरली पाहिजे. ठिणगी उडू शकते, म्हणून पेट्रोलची वाफ साचलेली असताना हे अजिबात करू नका. मोटर तरीही गप्प असेल तर तिचे ब्रश झिजलेत किंवा आत पाणी शिरलंय.

मॅन्युअल रिलीज व्हॉल्व्ह

हा चपट्या खाचेचा स्क्रू बहुधा क्लॅम्प ब्रॅकेटच्या, म्हणजे इंजिन बोटीला धरणाऱ्या चौकटीच्या, एका बाजूच्या भोकातून दिसतो. तो सैल केला की तेलाला मोकळी वाट मिळते आणि इंजिन हाताने उचलता येतं. फिरवण्याची दिशा आणि किती फेरे द्यायचे हे आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा. सगळीकडे सारखं नसतं. स्क्रू पूर्ण बाहेर काढू नका, तेल दाबाने उसळेल. आणि इंजिन वर असताना स्क्रू सैल केला तर ते धाडकन खाली येईल, म्हणून आधार आधी.

मोटर घरघरत होती ना? मग आधी हा स्क्रू पूर्ण बंद आहे का ते पाहा. किंचित उघडा राहिला तरी पंप फुकट फिरतो. तो बंदच असेल, तर उघडा आणि दोघांनी मिळून इंजिन उचलून पाहा. सहज उचललं गेलं तर सांधे मोकळे आहेत, दोष तेलात किंवा पंपात आहे. हललंच नाही तर टिल्ट ट्यूब (जिच्यावर इंजिन वर-खाली फिरतं ती नळी) गंजून धरली आहे किंवा रॅम वाकला आहे. गंजलेल्या सांध्याला पेनिट्रेटिंग ऑइल आणि ग्रीस भरायच्या निपलमधून ग्रीस द्या, मुरू द्या, थोडं थोडं हलवा; घाई केली तर नुकसानच होतं. ब्रॅकेट ॲल्युमिनियमचं असतं, हातोड्याने तडकतं.

तेल

टाकीचं बूच इंजिन पूर्ण वर असताना, कडी लावूनच, हळूहळू उघडा. खाली असताना उघडलं तर तेल उडू शकतं. इंजिन हाताने वर केलं असेल तर बूच उघडण्याआधी रिलीज स्क्रू बंद करा. पातळी साधारण भोकाच्या काठापर्यंत असावी. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, फेसाळलं तर हवा. दुधाळ तेल पूर्ण बदला आणि पाणी कुठून आलं ते शोधा. रॅमच्या दांड्याभोवती ओलसर तेलकट कडं दिसलं तर सील गेलंय.

तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला. बऱ्याच इंजिनांना डेक्सरॉन प्रकारचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, काहींना कंपनीचं खास तेल लागतं. ब्रेक ऑइल मात्र कधीच नाही, त्याने सील फुगून खराब होतात. भरल्यावर बूच लावून चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करा, थोडा वेळ थांबा, पातळी पुन्हा पाहा. हवा अशीच निघते. पातळी स्थिर होईपर्यंत हे करत राहा.

इंजिन वर जातं पण रात्रभरात खाली घसरतं, तर पहिला संशय रिलीज व्हॉल्व्हच्या ओ-रिंगवर (सील करणाऱ्या रबरी कड्यावर) घ्या. तो स्वस्त भाग आहे, बदलणंही अवघड नाही. फक्त त्यासाठी स्क्रू काढावा लागतो, तेव्हा इंजिन भक्कम बांधलेलं हवं आणि रॅमवर भार नको. एवढं सगळं करूनही मोटर फिरते आणि इंजिन हलत नाही, तेव्हा मोटर आणि पंप जोडणारी कपलिंग तुटली असेल किंवा आतल्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असेल. पंप काढण्याची वेळ आता आली. टिल्ट सिलिंडर मात्र स्वतः खोलू नका. काहींमध्ये दाबाखालचा वायू असतो, ते काम वर्कशॉपचं.

पाण्यावर असताना इंजिन वरच अडकलं तर रिलीज स्क्रूने सावकाश खाली सोडा, स्क्रू घट्ट बंद करा आणि कमी वेगाने परत या. स्क्रू उघडा ठेवून रिव्हर्स घेऊ नका, पंख्याच्या जोराने इंजिन वर उचललं जातं.