मोटरबोटीवर ऑटोपायलट बसवण्याच्या खर्चाचा अंदाज कसा बांधावा

गोसीखुर्दसारख्या विदर्भातील मोठ्या जलाशयावर परवानगीच्या अटींत राहून स्वतःची मोटरबोट चालवणारे, किंवा नागपुरात राहून बोट अलिबागच्या बाजूला ठेवणारे हौशी मालक ऑटोपायलटचा, म्हणजे ठरवलेल्या दिशेने बोट आपोआप नेणाऱ्या यंत्रणेचा, विचार करू लागले, की प्रथम कॅटलॉगमधील संचाची किंमत पाहतात आणि तीच खर्चाची रक्कम धरतात. माझ्या मते अंदाजाची सुरुवात बोटीच्या सध्याच्या स्टीअरिंगपासून व्हावी, कारण एकूण खर्च सर्वाधिक त्यावरच अवलंबून असतो.

ऑटोपायलटचे मुख्य भाग चार असतात. दिशा ओळखणारा सेन्सर, निर्णय घेणारे कंट्रोल युनिट, चालकासमोरचा डिस्प्ले आणि प्रत्यक्ष सुकाणू फिरवणारा ड्राइव्ह. पहिले तीन भाग बहुतेक बोटींना सारखेच चालतात. चौथा मात्र बोटीगणिक बदलतो. स्टीअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, असेल, तर त्याच तेलवाहिनीत दोन्ही दिशांना चालणारा विजेचा पंप जोडला जातो आणि काम तुलनेने सरळ होते. स्टीअरिंग केबलचे असेल, तर केबलसाठी बनवलेला वेगळा ड्राइव्ह घ्यावा लागतो किंवा संपूर्ण स्टीअरिंग हायड्रॉलिक करावे लागते. दुसरा मार्ग निवडल्यास सुकाणूचा पंप, तेलाच्या दाबाने सुकाणू ढकलणारा सिलिंडर, नळ्या, तेल आणि मजुरी मिळून हा खर्च ऑटोपायलटच्या संचाच्या जवळपास जाऊ शकतो. काही नव्या इंजिनांत स्टीअरिंग इलेक्ट्रॉनिक असते, तेथे पंप लागत नाही, परंतु इंजिन कंपनीने मान्य केलेला जोडभाग मात्र घ्यावाच लागतो.

हायड्रॉलिक पंपाचा आकार सिलिंडरच्या धारणक्षमतेवरून ठरतो आणि ती मालकाला स्वतः काढता येते. सिलिंडरचा आतील व्यास ३२ मिलिमीटर, दांड्याचा व्यास १६ मिलिमीटर आणि सरक (दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकतो ते अंतर) २०० मिलिमीटर असेल, आणि दांडा दोन्ही बाजूंनी बाहेर येत असेल, तर तेल भरणारे क्षेत्र सुमारे ६ चौरस सेंटिमीटर आणि क्षमता सुमारे १२० घनसेंटिमीटर येते. ही संख्या हाती असल्याशिवाय कोटेशन मागवू नये. पंप लहान पडला तर बोट वाऱ्यात मार्ग सोडते व सुकाणू उशिरा प्रतिसाद देते. गरजेपेक्षा मोठा घेतला तर बॅटरीवर भार वाढतो आणि बोट हिसके देत वळते. दोन्ही वेळा पंप बदलावा लागतो आणि त्याचे पैसे मालकाच्याच खिशातून जातात.

संच परदेशातून मागवायचा असेल, तर करांचा हिशेब एकावर एक चढतो हे ध्यानात ठेवावे. वाहतूक व विमा धरून मालाचे मूल्य २,००,००० रुपये आहे, मूळ सीमाशुल्क १० टक्के आणि आयजीएसटी (आयात मालावरचा एकात्मिक जीएसटी) १८ टक्के आहे, असे केवळ उदाहरणासाठी धरू. सीमाशुल्क २०,००० रुपये, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार २,००० रुपये आणि या सर्वांच्या बेरजेवर, म्हणजे २,२२,००० रुपयांवर, आयजीएसटी ३९,९६० रुपये होतो. माल २,६१,९६० रुपयांना पडतो. प्रत्यक्ष दर आणि वस्तूचे वर्गीकरण कस्टम एजंटाकडून लेखी घ्यावे. भारतातील विक्रेत्याकडून घेतल्यास भाव चढा दिसला तरी हमी आणि दुरुस्ती देशातच मिळते, आणि माझा कल त्याच बाजूला आहे.

वायरिंगला बहुतेक जण दुय्यम समजतात. येथे मात्र काटकसर करू नये. बॅटरीपासून पंप ५ मीटरवर असेल आणि तो १० अँपिअर ओढत असेल, तर जाण्यायेण्याची मिळून १० मीटर तार लागते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सुमारे ०.७ व्होल्ट गळतो, ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ०.३ व्होल्ट. १२ व्होल्टच्या यंत्रणेत हा फरक पंपाला लगेच जाणवतो. घराच्या फिटिंगची वायर बोटीत घालू नये; बारीक तारांची, कथिलाचा मुलामा असलेली वायर, स्वतंत्र फ्यूज आणि स्वतंत्र स्विच यांची तरतूद करावी. यंत्रे एनएमईए २००० जाळ्यावर, म्हणजे बोटीवरील उपकरणांना एकमेकांशी जोडणाऱ्या प्रमाणित केबलजाळ्यावर, जोडायची असतील, तर मुख्य केबल, टी-जोड, वीजपुरवठ्याची तार आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रोधक) हे सारे यादीत आहे का, ते पाहावे. अनेकदा जीपीएस डिस्प्ले आधीच असतो; तो त्या ऑटोपायलटशी जुळत असेल, तर वेगळ्या डिस्प्लेचे पैसे वाचतात.

नागपूरकरांसाठी सर्वांत मोठी वेगळी बाब तंत्रज्ञाचा प्रवास ही आहे. किनाऱ्यावर हे काम करणारा माणूस जवळच असतो. आपल्याकडे त्याला बहुधा मुंबई किंवा गोव्याहून आणावे लागते आणि भाडे, मुक्काम, दिवसाची मजुरी हे तीनही आपल्या खात्यावर पडतात. म्हणून पोकळ जागा मोकळ्या करणे, जुनी वायर काढणे, बॅटरी तपासणे ही तयारी स्थानिक इलेक्ट्रिशियनकडून आधीच करून घ्यावी, म्हणजे बाहेरच्या तंत्रज्ञाची एकच फेरी पुरते. ती फेरी पावसाळ्यानंतर, जलाशय भरलेला असताना ठेवावी. दिशासेन्सर जुळवण्यासाठी बोट संथ गतीने मोठ्या वर्तुळात फिरवावी लागते आणि वेगवान बोटीचे ट्युनिंग कमी व जास्त अशा दोन्ही वेगांत करावे लागते. अंबाझरी किंवा फुटाळ्याचे पाणी त्यासाठी अपुरे आहे. उन्हाळ्यात पाणी खाली जाते, बुडालेली खोडे वर येतात, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात डॅशबोर्डखालचा बंद कप्पा त्याहून कितीतरी जास्त तापतो. म्हणून कंट्रोल युनिटसाठी हवेशीर जागेचीही तरतूद ठेवावी. दिशासेन्सर स्पीकर, इंजिन आणि लोखंडी वस्तूंपासून किमान एक मीटर दूर हवा, म्हणून केबल मागवण्याआधी त्याची जागा निश्चित करावी.

चालक बोटीबाहेर पडताच इंजिन बंद करणारी, त्याच्या अंगाला अडकवलेली दोरी किंवा बिनतारी किल स्विच मी अंदाजपत्रकात अनिवार्य मानतो. ऑटोपायलट बोट सरळ नेत राहतो. माणूस पाण्यात पडला तरी तो थांबत नाही, आणि समोरचा मासेमाराचा डोंगा किंवा पसरलेले जाळे त्याला दिसत नाही. ज्यांना मासे धरण्यासाठी एका जागी थांबायचे एवढेच हवे आहे, त्यांनी जीपीएसवर जागा धरून ठेवणारी विजेची ट्रोलिंग मोटर आधी पाहावी. लहान बोटीला ती पुरेशी ठरू शकते.

एकूण बेरजेवर १५ ते २० टक्के राखीव ठेवावे, कारण जुन्या हायड्रॉलिकमधील गळती काम सुरू झाल्यावरच उघडी पडते. कोटेशनमध्ये साहित्य, कर, मजुरी, प्रवास आणि पाण्यावरील चाचणी यांच्या रकमा वेगळ्या लिहून घ्याव्यात, आणि शेवटचा हप्ता बोट पाण्यावर दोन्ही वेगांत मार्ग धरून दाखवेल, सुकाणू हाताने लगेच परत घेता येईल आणि तेलाची गळती नसेल, तेव्हाच द्यावा.