एरर गिळू नका: वेब अ‍ॅप करताना या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरात आमच्याकडे दरवर्षी नवी पोरं कामाला येतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या कोडात मला हमखास रिकामा कॅच सापडतो. चुकू शकणारा कोड ट्रायमध्ये लिहिलेला, पण एरर आली तर काय करायचं ते जिथं लिहायचं, त्या कॅचच्या कंसात काहीच नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लाल एरर दिसत होती, म्हणून टाकला." लाल दिसणं बंद झालं, बिघाड तिथंच राहिला. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्याची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागते.

लातूरच्या एका आडत दुकानासाठी आम्ही शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचा हिशेब) करायचं अ‍ॅप केलं होतं. सोयाबीनचा हंगाम, दिवाळी तोंडावर. मुनीमजी कट्टे, वजन, भाव भरायचे आणि सेव्ह दाबलं की हिरव्या अक्षरात 'पट्टी जतन झाली' यायचं. एका दुपारी सर्व्हरची डिस्क भरली. डेटाबेस काही लिहून घेईना, सेव्हच्या प्रत्येक विनंतीला ५००, म्हणजे 'सर्व्हरमध्ये बिघाड' हा कोड, येऊ लागला. हिरवी अक्षरं मात्र येतच राहिली. संध्याकाळी फोन आला, "सायेब, म्या ४१ पट्ट्या भरल्या अन् यादीत १२च दिसायल्यात."

कारण साधं होतं. सर्व्हरनं ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० दिलं तरी फेच (ब्राउझरचं विनंती पाठवायचं फंक्शन) प्रॉमिस रिजेक्ट करत नाही (विनंती फसली असं धरत नाही). नेटवर्क तुटलं, सीओआरएसनं (दुसऱ्या डोमेनकडच्या विनंत्यांवरच्या ब्राउझरच्या नियमानं) अडवलं, असं काही झालं तरच करतो. बाकी वेळी विनंती यशस्वी झाली का ते सांगणारं रिस्पॉन्समधलं 'ओके' आपणच बघायचं असतं, ते आमच्या पोरानं बघितलं नव्हतं. आणि तपासणी करताना मीही बघितलं नव्हतं.

उरलेल्या २९ पट्ट्या काट्यावरच्या चिठ्ठ्यांवरून रात्री अकरापर्यंत पुन्हा भरल्या. शेतकरी दुकानाच्या ओट्यावर बसून होते. एका आजोबांनी धोतराच्या सोग्याची गाठ सोडून चिठ्ठी काढून दिली, तर घामानं वजनाचा आकडा फिसकटलेला. तो हमालाला विचारून भरला.

तेव्हापासून माझ्या प्रोजेक्टात कुणी थेट फेच वापरत नाही. त्याच्यावर आमचं एक छोटं फंक्शन आहे, ते 'ओके' नसेल तर एरर फेकतं. आणि यशाचा संदेश सर्व्हरकडून पट्टीचा नंबर आल्याशिवाय दाखवायचा नाही. नंबर येईपर्यंत फॉर्मही रिकामा करायचा नाही. भरलेलं पुन्हा भरायला लावणं हा माणसाच्या वेळेचा अपमान आहे.

दुसरी चूक याच्या उलटी. टाइमआउट झाला, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही, की लगेच तीच विनंती पुन्हा पाठवायची. अरे, टाइमआउट म्हणजे काम झालंच नाही असं नाही! पट्टी जतन झालेली असते, फक्त उत्तर वाटेत अडकलेलं असतं. मग एकाच मालाच्या दोन पट्ट्या होतात. मी फॉर्म उघडतानाच एक युनिक आयडी बनवतो आणि प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवतो. तो आयडी आधी आला असेल तर सर्व्हर नवी नोंद करत नाही, जुनंच उत्तर परत देतो. यात अर्धा दिवस जातो, म्हणून घाईतली पोरं टाळतात आणि सेव्हचं बटण डिसेबल करून मोकळी होतात. पेज रिफ्रेश झालं की त्या बटणाचा काय उपयोग?

रिअ‍ॅक्टचं एरर बाउंड्री (स्क्रीन तयार होताना आलेली एरर पकडणारा घटक) लावलं म्हणजे सगळं पकडलं जातं, हाही गैरसमज. क्लिकच्या हँडलरमधल्या आणि असिंक्रोनस (उत्तराची वाट बघून नंतर चालणाऱ्या) कोडमधल्या एरर त्यात येत नाहीत.

'अनएक्स्पेक्टेड टोकन' म्हणून पुढे 'लेस दॅन'चं चिन्ह (<) दिसलं, तर जेसनच्या (डेटा पाठवायच्या ठरावीक मांडणीच्या) जागी बहुतेक एचटीएमएलचं पान आलंय. आधी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा, सर्व्हरनं काय पाठवलं ते तिथं दिसतं.

ब्राउझर ऑनलाइन आहे का ते सांगणारं नॅव्हिगेटरचं 'ऑनलाइन' खरं आलं म्हणजे इंटरनेट आहेच असं नाही. वायफाय जोडलेलं आणि पुढची लाइन बंद, हे आमच्याकडे रोजचं.

'काहीतरी चुकलं' हा संदेश काढून टाका. 'पट्टी जतन झाली नाही, माहिती इथंच आहे, थोड्या वेळानं पुन्हा सेव्ह दाबा' एवढं लिहायला एक मिनिट लागतं.

आता पोरांचं काम बघायला बसलो की मी आधी डेटाबेस बंद करतो आणि मग सेव्ह दाबतो.