गोळी कागदापर्यंत पोहोचतच नाही? पीळ आणि वेग यांबाबत या चुका टाळा

शंभर मीटरवर कागद लावून पाच गोळ्या झाडल्या आणि छिद्रे तीनच दिसली, तर नेमबाज आधी स्वतःच्या हाताला दोष देतो, मग दुर्बिणीच्या पकडीला, आणि अखेरीस नळीचा पीळ (गोळीला फिरवण्यासाठी नळीच्या आत कोरलेल्या सर्पिल आट्यांचा घट्टपणा) कमी पडत असल्याचे ठरवून अधिक घट्ट पिळाची नळी शोधू लागतो. पातळ जॅकेटच्या (शिशाच्या गाभ्यावरील धातूच्या आवरणाच्या), वेगवान गोळ्यांच्या बाबतीत हा निष्कर्ष अनेकदा नेमका उलटा असतो. गोळी डगमगून चुकलेली नसते. पीळ गरजेपेक्षा जास्त घट्ट असल्यामुळे ती हवेतच फुटलेली असते. दोन्ही दोषांवरचे उपाय परस्परविरुद्ध असल्यामुळे निदान चुकले की नवी नळी घेऊनही त्रास वाढतोच.

पहिली चूक म्हणजे हिशेब न करणे. फूट प्रतिसेकंद या एककातील वेगाला ७२० ने गुणून, नळीत एक फेरा जितक्या इंचांत पूर्ण होतो त्या संख्येने भागले, की गोळीचे मिनिटाचे फेरे मिळतात. .२२३ रेमिंग्टन काडतुसातील ५५ ग्रेन (सुमारे ३.६ ग्रॅम) वजनाची गोळी ३,२४० फूट प्रतिसेकंद वेगाने निघाली, तर १२ इंची पिळात ती मिनिटाला १,९४,४०० फेरे घेते आणि ७ इंची पिळात सुमारे ३,३३,०००. जॅकेटवर बाहेरच्या दिशेने येणारा ताण मात्र फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो येथे जवळजवळ तिप्पट होतो. ७ इंची पिळात या गोळीच्या पृष्ठभागावरील धातूवर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेतीन लाख पट अपकेंद्री ओढ असते. ही ओढ पेलणारे तांब्याचे जॅकेट किती पातळ असते, हे ज्याने एकदा कापलेली गोळी पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रातील अनेक रायफल नेमबाज .२२ रिमफायरवर (कडेला ठोकून पेटणाऱ्या, कमी वेगाच्या काडतुसावर) घडतात. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेही याच काडतुसावर. तेथे वेग सुमारे ३३० मीटर प्रतिसेकंद आणि पीळ सर्वसाधारणपणे १६ इंची असल्याने गोळी मिनिटाला जेमतेम ४९,००० फेरे घेते आणि फुटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे ३०० मीटरच्या सेंटरफायर (मध्यभागी ठोकून पेटणाऱ्या, अधिक वेगवान काडतुसांच्या) रायफलकडे वळणाऱ्या खेळाडूला या दोषाची ओळख नसणे स्वाभाविक आहे.

दुसरी चूक म्हणजे ‘पीळ जितका घट्ट तितका चांगला’ असे मानणे. किती पीळ लागेल हे मुख्यतः गोळीच्या लांबीवर ठरते. ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये मांडलेल्या सूत्रातही व्यास आणि लांबी याच राशी निर्णायक आहेत. अमेरिकेच्या एम१६ रायफलचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. सुरुवातीचा १४ इंची पीळ कडाक्याच्या थंडीतील दाट हवेत अपुरा पडल्याने १२ इंची झाला, आणि पुढे एम१६ए२ मध्ये तो ७ इंची झाला, कारण नवी ट्रेसर (जळत जाऊन आपला मार्ग दाखवणारी) गोळी फार लांब होती. ५५ ग्रेनच्या आखूड गोळीला इतक्या पिळाची गरज कधीच नव्हती. लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी मुद्दाम नाजूक बनवलेल्या, कमी वेगाच्या काडतुसांसाठी आखलेल्या गोळ्या अशा नळीतून झाडल्या जातात, तेव्हा त्या फुटल्या तर दोष गोळीचा नसतो, निवडीचा असतो.

नळी लांब असली की गोळीला जास्त फेरे मिळतात, हाही गैरसमज सर्रास आढळतो. १२ इंची पिळाच्या २४ इंची नळीत गोळी जेमतेम दोन वेळा फिरते. लांबीमुळे फेऱ्यांचा दर वाढतो तो केवळ वेग वाढतो म्हणून. त्याचप्रमाणे, गोळी पुढे जाता जाता अधिक जोराने फिरू लागते आणि मग फुटते, ही कल्पनाही चुकीची आहे. फेऱ्यांचा दर नळीच्या तोंडाशी सर्वाधिक असतो आणि नंतर सावकाश घटत जातो. नळीच्या आत भिंतीचा आधार असतो, बाहेर पडताच तो सुटतो. तरीही गोळी काही अंतर कापून मग फुटते, याचे एक कारण उष्णता हे आहे: घर्षणाने तापलेल्या जॅकेटची उष्णता आतल्या शिशापर्यंत पोहोचायला क्षणभर लागतो, आणि शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. आट्यांनी जॅकेटवर कोरलेल्या रेषा ही आधीच दुबळी झालेली जागा असते. म्हणूनच झिजलेल्या, जाळीदार तडे गेलेल्या किंवा तांब्याचा थर साचलेल्या नळीत, आणि घाईघाईने झाडून तापवलेल्या नळीत, कालपर्यंत नीट जाणारी गोळी आज फुटू शकते.

निदानासाठी २५ मीटरवर एक मोठा कागद आणि १०० मीटरवर दुसरा लावावा. छिद्रे लांबट, आडवी पडली असतील, तर गोळी डगमगते आहे आणि पीळ खरोखरच अपुरा आहे. जवळच्या कागदावर गोल छिद्र, दूरच्यावर काहीच नाही, किंवा छिद्राभोवती करड्या शिशाचे फराटे, आणि हवेत क्षणभर दिसलेली धुरकट रेघ, ही फुटल्याची लक्षणे आहेत. शंका उरली, तर कमी वेगाच्या काडतुसाने तीच गोळी झाडून पाहावी. वेग १० टक्क्यांनी उतरवला की ताण सुमारे १९ टक्क्यांनी उतरतो, त्यामुळे फुटणे बहुधा थांबते. डगमगणे मात्र त्याने सुधारत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशाने पडला हे कळणार नाही.

फुटणेच सिद्ध झाले, तर माझ्या मते पहिला उपाय जाड जॅकेटची गोळी हाच आहे, कारण वेग उतरवल्याने वाऱ्याचा परिणाम वाढतो. अखंड तांब्याची गोळी फिरण्याच्या ताणाने फुटत नाही, पण तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे तितक्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला पीळ पुरेल का, हा हिशेब पुन्हा करावा लागतो. आणखी एक दक्षता अनिवार्य आहे: आवाज किंवा धक्का वेगळा जाणवला आणि कागदावर छिद्र नसेल, तर पुढची गोळी झाडण्याआधी रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, नळीतून आरपार प्रकाश दिसतो याची खात्री करावी, कारण शिसे निघून गेले आणि जॅकेट आतच अडकले असेल, तर पुढच्या गोळीने नळी फाटू शकते.