थंडीतील मोटारसायकल प्रवासासाठी विजेवर तापणारे कपडे

हिवाळ्याच्या तोंडावर लडाख किंवा स्पीतीत मोटारसायकल चालवायची असेल, तर विजेवर तापणारे जाकीट घेण्याआधी गाडीच्या अल्टरनेटरची, म्हणजे इंजिन चालू असताना वीज तयार करणाऱ्या यंत्राची, क्षमता पाहावी. अशा जाकिटाला साधारणपणे 70 ते 100 वॅट वीज लागते. म्हणजे 90 वॅटचे जाकीट 12 व्होल्टवर साडेसात अँपिअर प्रवाह ओढते. हेडलाइट, इग्निशन आणि इंधन पंप यांची गरज भागल्यावर एवढी वीज उरत नसेल, तर चालत्या गाडीतही बॅटरी उतरत जाते आणि चहाला थांबल्यावर गाडी पुन्हा सुरू होत नाही. हातमोजे की जाकीट असा प्रश्न असेल, तर माझा कौल जाकिटाला आहे, कारण छाती-पोट उबदार असले की शरीर बोटांकडील रक्तप्रवाह फारसा आखडत नाही.

जोडणी थेट बॅटरीवरून करावी आणि फ्यूज बॅटरीलगतच बसवावा. वरील जाकिटाला 10 अँपिअरचा पुरतो. आत पूर्ण बाह्यांचा पातळ थर, त्यावर तापणारे जाकीट आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारे कवच असा क्रम ठेवावा. उघड्या त्वचेवर ते कधीही घालू नये, कारण सौम्य वाटणारी उष्णताही तासन्‌तास एकाच जागी राहिल्यास त्वचा भाजते.

इंजिन सुरू झाल्यावरच जाकीट चालू करावे, मात्र हुडहुडी भरेपर्यंत थांबू नये. चालत्या गाडीत व्होल्टमीटर 13 च्या खाली रेंगाळू लागला, तर उष्णता कमी करावी. उतरण्यापूर्वी जाकिटाचा प्लग काढायला बहुतेक जण विसरतात.