बीबॉप कसे ऐकावे: चार्ली पार्करच्या ‘को-को’पर्यंतची वाट

‘काही मोजू नका, डोळे मिटून सुरांत वाहत जा’ हा सल्ला बीबॉप या जॅझमधील वेगवान शैलीच्या बाबतीत निरुपयोगी आहे. 1940 च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममधील मिंटन्स प्लेहाऊस या क्लबमध्ये ज्या वादकांच्या हातून ही शैली घडली, ते ठरलेल्या आवर्तनावर वाजवत असत. ते आवर्तन मनात नसेल, तर त्यांची सारी कल्पकता केवळ वेग म्हणून कानावर पडते.

सुरुवात ‘नाउज द टाइम’ने करावी. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने 26 नोव्हेंबर 1945 रोजी ध्वनिमुद्रित केलेला हा मध्यम लयीतील ब्लूज आहे. चार-चार मात्रांचे 12 बार, म्हणजे 48 मात्रांचे आवर्तन. पार्करचा आल्टो सॅक्सोफोन आणि तरुण माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट, दोघांच्या सोलोत प्रत्येक आवर्तनाची सम हाताने दाखवता आली पाहिजे. मग चार्ली बार्नेटच्या वाद्यवृंदाचे 1939 चे ‘चेरोकी’ चाल पाठ होईपर्यंत ऐकावे.

आता ‘को-को’. ते त्याच दिवशी ध्वनिमुद्रित झाले. त्याला ‘चेरोकी’चीच स्वरसंगती (म्हणजे सोबतीच्या कॉर्ड्सचा क्रम) आहे, पण चाल पूर्णपणे वगळलेली आहे. आरंभी सॅक्सोफोन आणि डिझी गिलेस्पीचा ट्रम्पेट एकत्र धावतात, थोडे-थोडे एकेकटे वाजतात, आणि मुखड्याची वाट पाहत असतानाच पार्करचा सोलो सुरू होतो. आवर्तन 64 बारचे, लय मिनिटाला सुमारे 300 मात्रांची. ही पायरी मलाही फार काळ अवघड गेली, म्हणून आग्रहाने सांगतो: प्रत्येक मात्रेला ताल धरू नका. बारच्या पहिल्या मात्रेवरच टाळी द्या. मग मिनिटाला 75 टाळ्या होतात आणि हात शांत राहतो. दुसरे, पार्करच्या स्वरवाक्याला सम समजू नका. तो बारच्या मध्येच वाक्य सुरू करतो, बारची हद्द ओलांडतो आणि जोर भलत्याच मात्रेवर देतो. ड्रमवादक मॅक्स रोचच्या मोठ्या ड्रमचे ठोकेही अवचित येतात. भरवसा ठेवावा तो त्याच्या राइड सिंबलवर, म्हणजे लय सतत धरून ठेवणाऱ्या झांजेवर. मनात ‘चेरोकी’ गुणगुणत राहा. 16 बारच्या चार भागांपैकी तिसऱ्या भागात स्वरसंगती अनपेक्षित पट्टीत जाते आणि एकेक पूर्ण स्वर खाली उतरत येते. ती वळताना तुमची टाळी नेमकी पडली, तर हिशेब बरोबर आहे. चुकलात तर मागे जाऊ नका, पुढची खूण पकडा: दुसऱ्या आवर्तनाच्या आरंभी पार्कर ‘हाय सोसायटी’ या जुन्या रचनेतील क्लॅरिनेटची ओळ वाजवतो. ध्वनिमुद्रण निम्म्या वेगाने ऐकण्याचा सल्लाही मला मान्य नाही, कारण त्यात लयीचा झोकच नाहीसा होतो.

यानंतर गिलेस्पीचे 1945 चे ‘ग्रूव्हिन हाय’ सोपे जाईल. त्याला ‘व्हिस्परिंग’ या गाण्याची स्वरसंगती आहे. फॅट्स नव्हारो 1950 मध्ये अवघ्या 26 व्या वर्षी गेला, पण त्याच्या ट्रम्पेटमधील वेगातही टिकणारा भरीव, गोल स्वर चुकवू नये. डेक्स्टर गॉर्डनचा टेनर सॅक्सोफोन मात्र सर्वांत शेवटी ऐकावा. तो मात्रेच्या किंचित मागे वाजवतो, आणि हात पक्का झालेला नसेल तर आपली टाळीही त्याच्याबरोबर मागे सरकते.